डेन बॉशची हार्डकोअर रात्र: पहिल्यांदाच जाणार आहे, मार्गदर्शन हवे

ताशेवाली_आइंडहोवन:

नमस्कार. मी मूळची पुण्याची, गेली पाच वर्षे नोकरीनिमित्त नेदरलँड्समधल्या आइंडहोवनमध्ये राहते. आमच्या विभागातले एक ज्येष्ठ डच सहकारी, वय ५१, दर वर्षी मार्चअखेरीस आपल्या तीन जुन्या मित्रांबरोबर डेन बॉश शहरातल्या ब्राबांटहॅलेन या सभागृहांच्या संकुलात 'मास्टर्स ऑफ हार्डकोअर'ला जातात. हार्डकोअर म्हणजे अतिजलद, कडक ठोक्यांचे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत, आणि हा त्याचा रात्रभराचा जलसा. यंदा त्यांच्यातल्या एकाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्याने एक तिकीट मोकळे आहे. मी पुण्यात असताना आठ वर्षे ढोल-ताशा पथकात ताशा वाजवत असे, हे कधीतरी जेवणाच्या सुटीत मी त्यांना सांगितले होते. ते लक्षात ठेवून त्यांनी हे तिकीट मला देऊ केले आहे. घरी मुलीला सांभाळायला नवरा तयार आहे, त्यामुळे ती अडचण नाही.

अडचण माझ्या मनाची आहे. मी तीन-चार ध्वनिमुद्रणे ऐकली आणि घणाचे घाव सोडून मला त्यात काहीच ऐकू आले नाही. केवळ कर्कश आहे म्हणून मी ते झिडकारणार नाही, कारण आमच्या पथकालाही लोक तेच म्हणत असत. पण यात ऐकायचे नेमके काय, हे कोणी समजावून सांगितले तर मी तयारीने जाईन. दुसरे असे की जुन्या छायाचित्रांत डोकी भादरलेल्या तरुणांचे घोळकेच्या घोळके दिसतात, आणि सावळ्या रंगाच्या, दारू न पिणाऱ्या, ३६ वर्षांच्या बाईने तिथे रात्रभर राहणे कितपत शहाणपणाचे, असा प्रश्न पडतो. तिसरा प्रश्न कानांचा. विसर्जन मिरवणुकीनंतर दोन-दोन दिवस माझे कान वाजत असत, आणि उजव्या कानात निजानीज झाल्यावर अजूनही बारीक शीळ ऐकू येते.

मासकाठ:

ताई, तिकीट घ्या. मी १९९६ पासून रॉटरडॅममध्ये आहे आणि हे संगीत ज्या गावात रुजले त्या गावातच मला ते ऐकायला मिळाले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही ज्याला घणाचे घाव म्हणता, तेच इथले मुख्य वाद्य आहे. इतर नृत्यसंगीतात किक ड्रम, म्हणजे खर्जातला मोठा ढोल, ठेका धरतो आणि गाणे दुसरेच कोणीतरी गाते. हार्डकोअरमध्ये गाणारा तोच. रोलंड कंपनीने १९८३ मध्ये आणलेल्या टीआर-९०९ या तालयंत्रातली किक म्हणजे उंचावरून झर्रकन खाली घसरत येणारा एक स्वर असतो. हा आवाज मिक्सरला पेलवणार नाही इतका चढवला, की ध्वनिलहरीचे माथे छाटले जातात, मूळ स्वराच्या वर नवे उपस्वर उमटतात आणि ठोक्यामागे एक लांब, खरखरीत शेपूट तयार होते. त्या शेपटीला स्वतःचा सूर असतो. तोच ठोका वेगवेगळ्या पट्टीत लावत गेले की ठोक्यांचीच धून होते. म्हणून माझा सल्ला असा, की पहिला अर्धा तास ठोके मोजू नका, ठोका पडून गेल्यावर मागे काय उरते तिकडे कान द्या. ताशाच्या कातड्यावर काडी पडल्यानंतरची आस तुम्ही आठ वर्षे ऐकली आहे. तुम्हाला हे आमच्यापेक्षा लवकर उमगेल.

लय साधारण अशी, की मुख्य प्रवाहातले हार्डकोअर मिनिटाला १६० ते १८० ठोक्यांचे असते, त्याचे जलद उपप्रकार म्हणजे फ्रेंचकोअर २०० च्या आसपास आणि अपटेम्पो त्याच्याही पुढे. १८० म्हणजे सेकंदाला ३ ठोके. नवख्या माणसाने सुरुवात जुन्या, नव्वदच्या दशकातल्या रेकॉर्ड जिथे वाजतात त्या दालनातून करावी, कारण तिथे धून अधिक उघडी असते. अपटेम्पोचे दालन शेवटी पाहावे.

आता भादरलेल्या डोक्यांविषयी. या संगीताला इथे गॅबर म्हणतात. डच उच्चार 'खाब्बर'च्या जवळ जातो. हा शब्द अॅमस्टरडॅमच्या ज्यू वस्तीतल्या यिडिश बोलीतून आला आणि त्याचे मूळ हिब्रूतल्या 'मित्र' या अर्थाच्या शब्दात आहे. गंमत अशी, की शब्द अॅमस्टरडॅमचा आणि संगीत रॉटरडॅमचे, आणि त्या काळी या दोन गावांमधून विस्तव जात नव्हता. अॅमस्टरडॅमचे क्लब ऐटीत हाऊस संगीत वाजवत होते, तेव्हा बंदरावरच्या या कष्टकरी गावातली पोरे युरोमास्ट या मनोऱ्याच्या पायथ्याशी असलेल्या पार्कझिख्त क्लबमध्ये डीजे रॉब यांच्याकडे जमत आणि आणखी जलद, आणखी कडक वाजवा असा हट्ट धरत. फ्रँकफर्टचे संगीतकार मार्क आकार्डिपाने यांनी तसा आवाज त्याच सुमारास घडवलाच होता. १९९२ मध्ये डीजे पॉल एल्स्टाक यांनी 'रॉटरडॅम रेकॉर्ड्स' ही रेकॉर्ड कंपनी सुरू केली, आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला हेरेनफेनच्या थिआल्फ या बर्फावरच्या स्केटिंगच्या स्टेडियममध्ये 'थंडरडोम' या गॅबर जलशाचा पहिला प्रयोग झाला. पुढच्या चार-पाच वर्षांत देशातली निम्मी शाळकरी पोरे चमकदार ट्रॅकसूट घालून फिरत आहेत असे वाटावे इतकी ही लाट पसरली.

त्या लाटेत वंशद्वेष्टे टोळकेही शिरले, हे खरे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. त्यावर या संगीताच्या लोकांनी मौन पाळले नाही. वंशद्वेष आणि फॅसिझम यांच्या विरोधातल्या घोषणा रेकॉर्डच्या वेष्टनांवर छापल्या गेल्या. मी काळा-सावळा माणूस, मिशीवाला, अनेक रात्री तिथे एकटा उभा राहिलो आहे. माझ्याशी वावगे कोणी वागले नाही. तुमच्या सहकाऱ्यांच्या पिढीतले लोक आता पन्नाशीला आले आहेत, मुलाबाळांचे आहेत, आणि वर्षातून एकदा जुन्या मित्रांना भेटायला म्हणून येतात.

कानघसा_सांगली:

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे आणि फक्त तिसऱ्या प्रश्नापुरते लिहितो.

नेदरलँड्समध्ये आयोजक आणि सरकार यांच्यातल्या करारानुसार १५ मिनिटांची सरासरी १०३ डेसिबलच्या वर जाऊ नये अशी मर्यादा आहे. ही मर्यादा ऐकून निर्धास्त होऊ नका. कामाच्या जागी ८५ डेसिबल आवाज ८ तास सोसता येतो असा प्रचलित निकष आहे, आणि दर ३ डेसिबलला ती मुदत निम्मी होते. तुम्हीच उतरत या: ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, ९७ ला अर्धा तास, १०० ला पाव तास. १०३ वर उघड्या कानांनी साडेसात मिनिटे. तुम्ही रात्रभर थांबणार आहात.

म्हणून कानात बुचे घालूनच दारातून आत शिरावे, आत गेल्यावर घालू असे म्हणू नये. संगीत ऐकणाऱ्यांसाठी फिल्टर असलेली बुचे मिळतात. ती सगळ्या पट्ट्यांतला आवाज जवळपास सारख्या प्रमाणात कमी करतात, त्यामुळे वर मासकाठ यांनी सांगितलेली ठोक्याची शेपूट ऐकू येत राहते. २० डेसिबल कमी झाले तरी १०३ चे ८३ होतात. फोमची बुचे वापरणार असाल तर ती बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, बुच आत सरकवून फुगेपर्यंत बोटाने दाबून धरा. बहुतेक लोक ती कानाच्या तोंडाशी नुसती टेकवतात आणि मग बुचांना दोष देतात. दर तासाला दहा-पंधरा मिनिटे शांत जागी काढा.

तुमच्या उजव्या कानात शीळ आहे, याचा अर्थ त्या कानाने आधीच किंमत मोजली आहे. जाण्यापूर्वी श्रवणचाचणी करून घ्या, म्हणजे नंतर तुलनेला आधार राहील. रात्रीनंतर शीळ वाढली आणि दोन दिवसांत मूळपदावर आली नाही, किंवा एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागले, तर वाट न पाहता डॉक्टर गाठा.

डेल्फ्टकर:

ताई, मीही बाई आहे, मीही दारू पीत नाही आणि गेली सहा वर्षे जाते, म्हणून व्यवहाराचे सांगते. कोट आणि पिशवी लॉकरमध्ये ठेवा, किल्ली किंवा क्रमांक सहकाऱ्यांनाही माहीत असू द्या. आत गर्दीत उकडते, बाहेर मार्चची थंडी असते. घामेजलेल्या अंगाने बाहेर पडावे लागते तेव्हा कोरडा सदरा सोबत असण्याचे महत्त्व कळते. बूट जुने, सवयीचे आणि गच्च बांधलेले हवेत. चुकामूक झाल्यास कुठल्या खांबाशी भेटायचे ते आत शिरतानाच ठरवा, कारण बोलणे ऐकू येत नाही आणि फोनची रेंज भरवशाची नसते.

नशेच्या गोळ्यांविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून स्पष्ट लिहिते. तुम्हाला त्या आसपास दिसतील. या देशात एमडीएमए, म्हणजे या गोळ्यांतले अमली द्रव्य, बेकायदा आहे, हा देश मोकळा आहे म्हणून सगळे चालते हा आपल्या लोकांचा समज चुकीचा आहे. कोणी देऊ केली तर मान हलवून नकार द्या, दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही. कोणी भेलकांडताना, अंग तापलेले किंवा गोंधळलेले दिसले तर त्याला प्रथमोपचार केंद्रात न्या आणि त्याने काय घेतले ते तिथल्या लोकांना खरे सांगा. उपचार करणारे लोक तिथे शिक्षा द्यायला बसलेले नसतात.

सातारचा_वाचक:

हे सगळे वाचून मला वाईट वाटले. आमच्या गल्लीत गणपतीच्या दिवसांत डीजेच्या भिंती उभ्या राहतात. माझे वडील हृदयरोगी आहेत; त्या दहा दिवसांत आम्ही त्यांना मागच्या खोलीत, खिडक्यांना गाद्या लावून झोपवतो. काचा थरथरतात, ताटाळ्यातली ताटे वाजतात. आवाजाच्या या हव्यासाला परदेशी नाव दिले की तो संस्कृती कसा होतो, हे मला खरोखर समजून घ्यायचे आहे.

मासकाठ:

दादा, तुमच्या वडिलांना होणारा त्रास खरा आहे, आणि त्या भिंतींची बाजू मी घेणार नाही. पण मला दिसणारा फरक सांगतो. ब्राबांटहॅलेनमध्ये जो आत आहे तो तिकीट काढून, आपण काय ऐकणार हे जाणून आलेला प्रौढ माणूस आहे. त्याला दार उघडून बाहेर पडता येते, आणि भिंतीपलीकडे राहणाऱ्यांसाठी आवाजाची मर्यादा परवान्यात लिहिलेली असते. तुमच्या वडिलांना कोणी विचारले नाही आणि त्यांना जायला दुसरी जागा नाही. दोन्हीकडे आवाज तेवढाच असेल. ज्याच्या कानावर तो पडतो त्याची संमती मात्र एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही. दुसरे असे की मिरवणुकीतली भिंत कोणतेही गाणे नुसते मोठे करून वाजवते. गॅबरमध्ये फाटलेला आवाज हीच घडवलेली वस्तू आहे, आणि एकेका किकवर लोक आठवडेच्या आठवडे काम करतात.

ताशेवाली_आइंडहोवन:

सर्वांचे मनापासून आभार. मी जाऊन आले. सोमवार-मंगळवार मुद्दाम जाऊ दिले, आणि मग लिहायला बसले.

डॉक्टरसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे आधी चाचणी केली आणि बुचे दाराबाहेर, थंडीत कुडकुडत्या बोटांनी नीट बसवली. सहकारी आणि त्यांचे दोन मित्र तिघेही गाडीत गप्पगप्प होते. त्यांच्यातल्या एकाने अंगात जांभळा, चकचकीत ट्रॅकसूटचा वरचा भाग घातला होता, आणि तो १९९४ मध्ये आईने वाढदिवसाला घेऊन दिला असल्याचे त्याने मला दाराशी पोचल्यावर सांगितले. कोपरापाशी तो बारीक टाके घालून रफू केलेला होता.

आत पहिला ठोका कानाच्या आधी गळ्याखालच्या हाडांना लागला. बुचांमुळे डोक्यात शांतता आणि छातीत धडधड अशी विचित्र अवस्था होती, आणि पहिली वीस मिनिटे मला फक्त बाहेर पडावेसे वाटत होते. मासकाठ दादा, तुमचे वाक्य आठवून मी जुन्या रेकॉर्डच्या दालनात एका खांबाला पाठ टेकून उभी राहिले आणि शेपूट शोधू लागले. ती सापडली तो क्षण मला नेमका सांगता येईल. वाजवणाऱ्याने अचानक सगळे थांबवले, वर फक्त एक किरटा, कासावीस करणारा सूर ताणून धरला, हजारो माणसे हात वर करून थांबली, आणि किक परत आली तेव्हा ती चार-चार ठोक्यांनी एकेक स्वर खाली उतरत होती. ठोका तोच, पण दर वेळी त्याची खरखर वेगळ्या सुरात विरत होती. माझी बोटे मांडीवर आपोआप ताशाची तर्री धरू लागली. पथकात ढोल संथ ठोका धरतात आणि ताशा त्यांच्यावर दाट विणकाम करतो. इथे ते विणकाम त्या एका ठोक्याच्या पोटातच होते. ध्वनिमुद्रणात मला ते का ऐकू आले नाही, तेही कळले: फोनच्या इवल्या स्पीकरमधून फक्त टोक येते, शेपूट येतच नाही.

हाक्केन हा त्यांचा नाच सहकाऱ्यांनी मला एका कडेला शिकवला. वजन चवड्यावर, गुडघे सैल, एक पाय पुढे झटकून परत जागेवर, मग दुसरा, आणि हात कोपरात मुडपून अंगालगत. दिसतो तेवढा तो राकट नाही. पावले लहान ठेवली तरच लय सापडते, मोठी टाकली की दोन मिनिटांत दम लागतो. त्यांच्या पन्नाशीतल्या पायांकडे मी बराच वेळ पाहत होते. कमरेच्या वर शरीर जवळजवळ स्थिर आणि खाली पाय पाण्यासारखे वाहते.

सुरक्षिततेचे म्हणाल तर एक प्रसंग सांगते. गर्दीच्या ऐन मध्यावर माझ्या बुटाची नाडी सुटली. मी खाली वाकले तोच शेजारचा एक अनोळखी, पार टक्कल केलेला, मानेवर गोंदण असलेला धिप्पाड मुलगा माझ्याकडे पाठ करून, दोन्ही हात पसरून उभा राहिला, म्हणजे मागची माणसे माझ्यावर येऊ नयेत. मी उठल्यावर त्याने अंगठा उंचावून विचारले, मी मान डोलावली, आणि तो पुन्हा नाचू लागला. आम्ही एक शब्द बोललो नाही. गोळी मला एकदा विचारली गेली, नकार दिल्यावर विषय संपला. एका मुलीला मैत्रिणी आधार देऊन प्रथमोपचाराकडे नेत होत्या. तासाभराने ती शाल पांघरून भिंतीशी बसून पाणी पिताना दिसली.

अपटेम्पोच्या दालनात मी दहा मिनिटांत हार मानली. तिथले मला अजून ऐकता येत नाही.

त्याच रात्री घड्याळे पुढे गेली, दोनचे थेट तीन वाजले. एक तास बुडाला म्हणून आजूबाजूचे लोक खरोखर हळहळले. सकाळी आम्ही चालत डेन बॉशच्या स्थानकावर आलो तेव्हा उजाडत होते. ट्रॅकसूटवाल्या मित्राने वाटेत मला सांगितले, की या चौघांचा पाचवा मित्र २०११ साली अपघातात गेला आणि ते दर वर्षी येतात ते मुख्यतः त्याच्यासाठी. गाडीत सगळे गप्प का होते ते मला तेव्हा समजले. आइंडहोवनपर्यंतच्या वीस मिनिटांत तिघेही बसल्याजागी झोपले आणि मी त्यांना उतरण्यासाठी उठवले.

डॉक्टरसाहेब, शीळ रविवारी होती तेवढीच होती आणि आज, बुधवारीही तेवढीच आहे. चाचणी पुढच्या आठवड्यात परत करून घेणार आहे. सातारच्या दादा, तुमच्या वडिलांविषयी वाचल्यापासून माझ्या मनात आमच्या पथकाच्या मार्गावरच्या खिडक्या येत आहेत. आम्ही लक्ष्मी रस्त्यावर तासन् तास एका जागी थांबून वाजवत असू, आणि वर कोण झोपले आहे हे एकदाही विचारले नाही. पथकातल्या जुन्या मंडळींना मी याबद्दल कालच लिहिले आहे.

डेल्फ्टकर ताई, उन्हाळ्यात एर्सेलच्या ई-थ्री तलावाकाठी 'डॉमिनेटर' हा हार्डकोअरचा महोत्सव असतो, तो माझ्या घरापासून सायकलच्या अंतरावर आहे. तुम्ही येणार असाल तर मुक्कामाला आमच्याकडेच या.